ओझचे ओझे

गाजलेल्या कथेची उत्तरकथा रचणे हा एक जुगारच आहे, आणि खेळणाऱ्याच्या हाती पाने बहुधा वाईटच येतात. प्रेक्षक रिकाम्या हाताने येत नाही. पहिल्या कथेवरचा आपला लोभ तो उराशी धरून येतो आणि जरा कोठे वेगळे दिसले की तो लोभ दुखावतो. वेगळे काहीच नसले तर मग हे पुन्हा कशाला, असे म्हणायला तो मोकळाच असतो. भवभूतीला ही अडचण पुरती ठाऊक असावी. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गेल्या आयुष्याची चित्रे पाहतात. मागची सारी कथा त्याने अशी भिंतीवर टांगून टाकली, तिच्याकडे बघून पात्रांना आणि प्रेक्षकांना एकदाच काय ते हळवे होऊ दिले, आणि मग स्वतःच्या नाटकाला हात घातला. इतकी जाण असणारा उत्तरकथाकार हजारांत एखादा. बाकीचे बहुतेक त्या चित्रांपुढेच घुटमळत राहतात.

हे सारे आठवण्याचे निमित्त मात्र अगदीच वेगळ्या जातीचे आहे. ‘जर्नी बॅक टु ओझ’ नावाचा एक जुना अमेरिकन कार्टूनपट गेल्या काही महिन्यांत मी तीनदा पाहिला. त्याच्याविषयी निरनिराळ्या प्रेक्षकांनी काय काय म्हटले आहे तेही जमेल तेवढे ऐकले, वाचले. बोलपट काही थोर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याच्याविषयीची मते इतकी परस्परविरुद्ध आहेत, आणि ती देणारी माणसे इतक्या निराळ्या वस्तूंविषयी बोलत आहेत, की या मतांचाच विचार करावा असे वाटू लागले.

मूळ कथा बहुतेकांना ठाऊक असेल. फ्रँक बॉम या लेखकाने १९०० साली ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ’ लिहिले. कॅन्सस प्रांतातली डोरोथी वावटळीत सापडून ओझ नावाच्या अद्भुत देशात जाऊन पडते. तेथे तिला अक्कल हवी असलेले बुजगावणे, काळीज हवे असलेला पत्र्याचा माणूस आणि धैर्य हवे असलेला भित्रा सिंह असे तीन सोबती भेटतात. १९३९ साली मेट्रो-गोल्डविन-मेयरने त्यावर जो रंगीत बोलपट काढला, त्यातली सोळा वर्षांची जूडी गार्लंड आणि हॅरॉल्ड आर्लेन व यिप हार्बर्ग यांची गाणी यांनी पुढे पुस्तकालाच झाकून टाकले. १९५६ च्या नोव्हेंबरात तो अमेरिकेत प्रथम दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि १९५९ पासून वर्षानुवर्षे, ठरल्या सणासारखा, घरोघर दिसू लागला. आपल्याकडे गावच्या जत्रेत तेच नाटक दरसाल व्हावे आणि पोरांना त्यातली भाषणे तोंडपाठ असावीत, तसाच हा प्रकार. अशा प्रेक्षकांपुढे उत्तरकथा आणायची होती.

ती आणण्याचा घाट ‘फिल्मेशन’ नावाच्या नव्या चित्रसंस्थेने १९६२ च्या सुमारास घातला. दिग्दर्शक हॅल सदरलंड. गाणी सॅमी कान आणि जिमी व्हॅन ह्यूझन या नाणावलेल्या जोडीची. आवाजांसाठी त्यांनी मोठमोठी माणसे गोळा केली आणि ध्वनिमुद्रण उरकून घेतले. मग पैसा संपला. चित्रे काढणे राहून गेले. पुढे दूरचित्रवाणीवरच्या ‘सुपरमॅन’सारख्या मालिकांवर संस्थेचा जम बसला, तेव्हा कोठे हे अर्धवट काम पुन्हा बाहेर निघाले. १९७२ मध्ये अमेरिकेबाहेर आणि १९७४ मध्ये अमेरिकेत बोलपट पडद्यावर आला. दहा-बारा वर्षे आवाज डब्यात बंद होते आणि त्या आवाजांना शरीरे नव्हती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता प्रेक्षकांकडे येऊ. एक मोठा वर्ग जाणत्यांचा. त्यांच्या मते या बोलपटाची चित्रे ताठर आहेत, पात्रे चालतात ती कळसूत्री बाहुल्यांसारखी, आणि १९३९ च्या कृतीशी त्याचे नाव जोडणे हाच अपराध आहे. चित्रांविषयीचे त्यांचे म्हणणे कोणी खोडून काढू नये. डोळे आणि ओठ हलतात, बाकी देह स्तब्ध असतो. मागचा देखावा सरकतो म्हणून माणूस चालतो असे मानून घ्यायचे. काटकसरीचे कार्टून हाच फिल्मेशनचा पुढे आयुष्यभराचा धंदा झाला. पण या मंडळींचे बोलणे थोडे लांबू दिले की लक्षात येते, ते या बोलपटाविषयी बोलतच नाहीत. ते जूडी गार्लंडविषयी बोलतात. बालगंधर्वांना पाहिलेला जुना रसिक नव्या सिंधूला किंवा भामिनीला जशी दाद देत असे, म्हणजे डोळे मिटून, समोरच्या नटीला अजिबात न पाहता, तशी ही टीका आहे.

दुसरा वर्ग ज्यांनी तो लहानपणी पाहिला त्यांचा. माझी एक भाची न्यू जर्सीत वाढली. १९७६ च्या डिसेंबरात हा बोलपट एबीसी वाहिनीवर दाखवला गेला, त्या वेळी ती सहा वर्षांची होती. तिला मी फोनवर विचारले, तर ती क्षणभरही न थांबता म्हणाली, “मामा, हिरवे हत्ती!” आणखी काय आठवते, म्हटल्यावर एक पेटी आठवली, जी उघडायची नसते. गाणी? नाही. डोरोथीचा आवाज? नाही. सिंह, बुजगावणे? “होते की काय त्यात?” पण त्या हत्तींची भीती तिला इतकी लख्ख आठवत होती, की त्या हिवाळ्यात आपल्या घरातली कुठली खिडकी ती बंद करून घ्यायला सांगत असे तेही तिने सांगितले. तिच्यासारखे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना बोलपट आवडतो. पण त्यांच्या आवडीतही बोलपट कमी आणि त्या वयाचा हिवाळा अधिक, असे मला वाटते. बाळपणी पाहिलेल्या गोष्टीवर माणूस जे प्रेम करतो ते घराच्या जुन्या उंबऱ्यावर करावे तसे असते. उंबऱ्याचे सुतारकाम कसे आहे हे त्यात येत नाही.

या दोघांच्या मध्ये प्रत्यक्ष कृती कोठे उरते? मला वाटते, ती तीन ठिकाणी उरते, आणि त्यांतले एक तर तिच्या अपयशाचे ठिकाण आहे.

अपयशापासूनच आरंभ करतो, कारण जाणत्या टीकाकारांनी ते भलत्याच जागी शोधले आहे. हा बोलपट बॉमच्या दुसऱ्या पुस्तकावर, १९०४ च्या ‘द मार्व्हलस लँड ऑफ ओझ’वर, बराचसा उभा आहे. त्या पुस्तकाचा जन्मच मुळी वाचकांच्या मतातून झाला. पहिले पुस्तक वाचलेल्या मुलांची पत्रे येऊ लागली, की बुजगावण्याचे आणि पत्र्याच्या माणसाचे पुढे काय झाले ते सांगा. प्रस्तावनेत बॉम म्हणतो की लांबचा प्रवास करून भेटायला आलेल्या एका मुलीला त्याने वचन दिले होते : हजार मुलींनी हजार पत्रे लिहून मागणी केली की मी पुस्तक लिहीन. त्या मुलीचे नाव डोरोथी होते, असेही तो सांगून टाकतो. आता पहा, इतकी आर्जवे, त्यात खुद्द एका डोरोथीचे आर्जव, आणि बॉमने काय करावे? त्याने दुसऱ्या पुस्तकात डोरोथीला आणलेच नाही. ती कॅन्ससला घरी आहे, सुखरूप आहे, तिचे काम झाले आहे. त्याऐवजी त्याने टिप नावाचा एक नवा मुलगा आणला. हा मुलगा मॉम्बी नावाच्या चेटकिणीच्या घरी राबतो, भोपळ्याचे डोके बसवून एक लाकडी माणूस तयार करतो, संजीवनी पूड घेऊन पळून जातो, आणि शेवटी उघड होते की हा मुलगा म्हणजेच लहानपणी चेटकिणीने रूप पालटलेली ओझची राजकन्या ओझ्मा. ज्या बुजगावण्याचे पुढे काय झाले म्हणून पत्रे आली होती, त्याचे सिंहासन त्याच पुस्तकात जाते.

बॉम व्यवहारात काही साधुपुरुष नव्हता. पहिल्या पुस्तकावरचे संगीत नाटक १९०२ साली शिकागोत आणि पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर गाजले होते. त्यात बुजगावणे आणि पत्र्याचा माणूस झालेल्या दोन नटांना, फ्रेड स्टोन आणि डेव्हिड माँटगोमेरी यांना, त्याने दुसरे पुस्तक अर्पण केले. सुया घेऊन राजधानीवर चाल करणारी मुलींची पलटण तर रंगभूमीवर डोळा ठेवूनच लिहिली आहे हे कोणालाही कळेल. पण गल्ल्यावर इतके लक्ष असलेल्या या माणसाने कथेच्या गाभ्याला मात्र गल्ला लावला नाही. पूर्वीची नायिका न आणण्याची छाती त्याने दाखवली.

कार्टूनपट करणाऱ्यांना ती छाती झाली नाही. त्यांनी मॉम्बी घेतली, भोपळ्याच्या डोक्याचा जॅक घेतला, पुस्तकातल्या लाकडी घोड्याऐवजी गोल फिरणाऱ्या पाळण्यातला घोडा घेतला. आणि टिप व ओझ्मा यांना काढून त्या जागी डोरोथीला आणून बसवले. येथे सारे बिघडले. जॅकला टिपने घडवलेले असते म्हणून तो त्याला बाप मानतो, आणि एका पोराला बाप म्हणणारा भोपळा हा पुस्तकातला विनोद आहे तसा करुणही आहे. बोलपटातला जॅक हा मॉम्बीकडून पळालेला नोकर. डोरोथीशी त्याचे नाते वाटेत भेटल्याचे. घर सोडून आलेल्या मुलीला पुन्हा घराची ओढ लागते, पुन्हा ती घरी जाते. पहिल्या बोलपटात हे सारे झालेले आहे. डोरोथीला ओझमध्ये काही मिळवायचेच उरलेले नाही, आणि ज्याला काही मिळवायचे नाही त्याची कथा होत नाही. चित्रे हवी तितकी मऊ, हवी तितकी जिवंत काढली असती तरी हे वैगुण्य झाकले गेले नसते. मराठीत या देशाचे नाव उच्चारताना ‘ओझे’ हा शब्द कानाआड येतोच. फिल्मेशनवाल्यांनी ते डोरोथीच्या रूपाने खांद्यावर घेतले आणि शेवटपर्यंत खाली ठेवले नाही.

आता दुसरे ठिकाण, आणि येथे मी या बोलपटाच्या बाजूने उभा राहतो. डोरोथी, जॅक आणि घोडा मदत मागायला निघतात. बुजगावणे मॉम्बीच्या कैदेत आहे. ती आधी पत्र्याच्या माणसाकडे जातात, मग सिंहाकडे. एकाला पूर्वी काळीज मिळाले आहे, दुसऱ्याला धैर्य. दोघेही आपापल्या लाभाचे गाणे म्हणतात. मॉम्बीचे आणि तिच्या हिरव्या हत्तींचे नाव निघाले की मात्र दोघेही मागे सरतात. मिल्टन बर्लच्या आवाजातला सिंह गर्जना करता करता नरमतो तो भाग गमतीने रंगवलेला आहे, आणि पुष्कळ प्रेक्षक तो गंमत म्हणूनच पाहतात. काहींना तर तो मूळ पात्रांचा अपमान वाटतो : ज्यांनी एवढे दिव्य करून काळीज आणि धैर्य मिळवले, त्यांना असे भ्याड का दाखवले?

माझी नात सात वर्षांची आहे. तिने १९३९ चा बोलपट पाहिलेला नाही, तेव्हा तिला कोणाच्या मानापमानाची काळजी नव्हती. सिंहाने पाठ फिरवल्यावर तिने विचारले, “पण ते तिचे मित्र आहेत ना?” मी म्हटले, हो. ती बराच वेळ गप्प होती. मग पुढचा भाग सुरू झाला तरी ती घोड्याकडे पाहत नव्हती.

मला वाटते, त्या सगळ्या बोलपटात त्या मुलीला जी जागा लागली तीच खरी आहे. विझर्डने दिलेले काळीज आणि धैर्य हे पदक-प्रमाणपत्रासारखे होते, हे १९३९ च्या बोलपटातच सांगितले आहे. ती प्रशस्तिपत्रे घेऊन माणूस सुखाच्या जागी बसला आणि पुन्हा संकट दारात आले, तर काय होते? बहुधा तो दार लावून घेतो. उत्तरकथेला विचारण्यासारखा हाच एक प्रश्न होता, आणि या बोलपटाने तो विचारला. दुर्दैव इतकेच की विचारून झाल्यावर त्याला स्वतःचेच भय वाटले. ग्लिंडाने डोरोथीला एक जादूची पेटी दिली, ऐन आणीबाणीत ती उघडली गेली, तीतून उंदीर निघाले, आणि उंदरांना घाबरून हत्ती उधळले. पुस्तकातही उंदीर आहेत, पण तेथे ते सुयावाल्या मुलींना घाबरवतात. पुस्तकातही मॉम्बी गुलाबाचे फूल होऊन लपते. तेथे पत्र्याचा माणूस ते फूल खुडून आपल्या छातीवर खोवतो आणि शत्रूला छातीशी घेऊन हिंडतो. बोलपटात ते फूल उधळलेल्या हत्तींच्या पायाखाली चिरडते. कल्पना दोन्हीकडे एकच आहे. एकीकडे स्मित आहे आणि दुसरीकडे धक्का. माझ्या भाचीला चाळीस वर्षांनीही हत्ती आठवतात त्याचे कारण कदाचित हा धक्काच असेल. मॉम्बी मरताच तिच्या जादूने चालणारा जॅकही निर्जीव होतो आणि डोरोथीच्या एका अश्रूने पुन्हा उठतो. त्या अश्रूवर रडलेले प्रेक्षक आहेत. मी नाही रडलो. स्वस्तातला अश्रू होता तो. मित्रांनी पाठ फिरवली तेव्हा तिच्या डोळ्यांत तो आला असता तर गोष्ट वेगळी.

तिसरे ठिकाण आवाजांचे. डोरोथीला आवाज दिला आहे लायझा मिनेलीने, म्हणजे जूडी गार्लंडच्या मुलीने. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तीही सोळाच्या आसपास होती. आई डोरोथी झाली तेव्हा जवळजवळ याच वयाची होती. जाहिरातीला याहून चांगले काय हवे! पुष्कळांनी तिला नक्कल म्हणून निकालात काढले आहे. मी कान देऊन ऐकले, आणि मला ती नक्कल वाटली नाही. आईचा सूर दुःखाच्या पोटातून यायचा. या मुलीचा सूर घशातूनच येतो, थोडा ताणलेला, थोडा घाईत, आपल्याला कोणाशी ताडून पाहणार आहेत हे ठाऊक असलेल्या मुलीचा. त्याच १९६२ साली जूडी स्वतः ‘गे पर-ई’ नावाच्या दुसऱ्या एका कार्टूनपटात एका मांजरीसाठी गात होती, आणि गाणी पुन्हा आर्लेन व हार्बर्ग यांचीच होती. म्हणजे आई आपल्या जुन्या संगीतकारांबरोबर, आणि मुलगी आईच्या जुन्या कथेत. मुलीच्या सोबतीला बुजगावणे म्हणून जो आवाज आहे तो मिकी रूनीचा, आईबरोबर कित्येक बोलपटांत पोरसवदा नायक म्हणून नाचलेल्या नटाचा.

आई १९६९ च्या जूनमध्ये गेली. मुलगी १९७२ च्या ‘कॅबरे’ने जगभर गाजली आणि पुढच्या वर्षी ऑस्कर घेऊन गेली. ‘जर्नी बॅक टु ओझ’ अमेरिकेत लागला तो त्याच्याही पुढच्या वर्षी. थिएटरात बसलेल्या माणसाला पडद्यावरून ऐकू आली ती लायझा मिनेली आता या जगात नव्हती. आई हयात असतानाची, अजून काहीच न झालेली एक मुलगी डब्यातून गात होती. असे करायचे कोणी ठरवले नव्हते. पैसा संपला म्हणून ते घडले. पण कलाकृतीत जे घडते ते कोणी ठरवले होते की नाही हे शोधत बसण्यात मला स्वारस्य नाही. घराची ओढ सांगणारे तिचे गाणे शब्दांनी सामान्य आहे, चाल विसरण्याजोगी आहे, आणि तरीही मी ते दोनदा मागे नेऊन ऐकले.

याउलट मॉम्बीच्या भूमिकेत एथेल मर्मन आहे आणि तिला कशाचीच पर्वा नाही. ब्रॉडवेवर ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज त्या अशक्त चित्रांना अक्षरशः ढकलत पुढे नेतो. चेटकीण कसे व्हावे याचे तिचे गाणे या बोलपटातले सर्वांत जिवंत. मुलांना घाबरवणारे हत्ती चित्रकारांनी काढले खरे, पण त्यांत वजन भरले ते मर्मनने. वाटेत भेटणारा, तीन दिशांना तोंडे करून स्वतःशीच भांडणारा मार्गदर्शक खांबही मजेचा आहे. त्याला अधिक वेळ द्यायला हवा होता. दूरचित्रवाणीवर दाखवताना मध्ये मध्ये बिल कॉस्बीला जादूगार करून खऱ्याखुऱ्या माणसांचे जे प्रवेश घुसडले, त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

एका आवाजाविषयी मात्र बोललेच पाहिजे, कारण बहुतेक प्रेक्षकांच्या मतांत त्याचा उल्लेखही येत नाही. कॅन्ससच्या घरी डोरोथीची वाट पाहणारी एम काकू बोलते ती मार्गारेट हॅमिल्टनच्या आवाजात. १९३९ च्या बोलपटात हिरव्या तोंडाची दुष्ट चेटकीण होऊन जिने दोन पिढ्यांच्या मुलांची झोप उडवली तीच ही बाई. नटी होण्यापूर्वी ती बालवाडीत शिकवीत असे, आणि मुले आपल्याला भितात याचे तिला वाईट वाटे. १९७५ साली एका बालकार्यक्रमात येऊन चेटकिणीचा पोशाख मुलांसमोर अंगावर चढवून तिने दाखवले, की हे सारे सोंग आहे. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये ती पुन्हा चेटकीण होऊन आली, तेव्हा पालकांच्या तक्रारी इतक्या आल्या की तो भाग पुढे कित्येक वर्षे दाखवलाच नाही. आणि त्याच १९७६ च्या डिसेंबरात, ज्या रात्री माझ्या भाचीने खिडकी लावून घ्यायला सांगितली त्या रात्री, हीच बाई कॅन्ससच्या एका घरात डोरोथीशी मायेने बोलत होती. भाचीला मी हे सांगितले. ती म्हणाली, “ती काकू? ती तर चांगली होती.”